वीट कुठे ठेवायची

फळी घरात आली ती सूनबाईमुळे आणि जिन्यात अडकली ती आप्पांमुळे, एवढं इमारतीतल्या सगळ्यांना मान्य आहे. त्यापुढच्या तपशिलाबद्दल मात्र मजल्यागणिक मतभेद आहेत. खालचे वकील म्हणतात, फळी त्यांच्या काठीने सुटली. सेक्रेटरी म्हणतात, परवानगी दिली म्हणून सुटली. माई म्हणतात, "मी दाबली म्हणून सुटली, बाकी सगळे बघे." आप्पांना मात्र मत विचारायची पद्धत इमारतीत नाही आणि घरात तर नाहीच नाही.

आप्पांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. लोकांच्या चुका काढायचा धंदा. पण स्वभाव असा की चूक समोर धडधडीत दिसली तरी ती दुरुस्त करायचा धीर होत नसे. ते समासात हलकं प्रश्नचिन्ह काढून ठेवत. न जाणो, लेखकाला तसंच म्हणायचं असेल तर? घरीही तेच. भाजीत मीठ जास्त झालं तर आप्पा भाजीकडे प्रश्नचिन्हासारखे बघत आणि जेवत. शाळेत असताना त्यांनी एकदाही हात वर केला नव्हता. उत्तर येत नसे म्हणून नव्हे. येत असे, पण ते बरोबरच आहे याची खात्री पटेपर्यंत तास संपत असे.

सूनबाईचा स्वभाव याच्या बरोबर उलटा. ती शाळेत शिकवते आणि प्रश्नचिन्ह दिसलं की तिला भूक लागल्यासारखं होतं. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्यामुळे घरात ही तिघंच. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिचे पुठ्ठे, दोऱ्या, कात्र्या आणि डिंक पसरलेले असत, आणि जेवण टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात होत असे.

त्या आठवड्यात मात्र पसारा नेहमीपेक्षा मोठा होता आणि सूनबाई नेहमीपेक्षा गप्प. माईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिच्या वर्गाचे दोन भाग करायचं वरून ठरत होतं. भराभर शिकणारे एका वर्गात, आणि सावकाश शिकणारे मागच्या खोलीत, जिथे सध्या मोडकी बाकं आणि फाटके नकाशे ठेवले होते.

"म्हणजे आमची भिंगरी जाणार, कारण तिला एका जागी बसवत नाही. मौनी जाणार, कारण ती शाळेत बोलत नाही. आणि राणीसाहेब जाणार, कारण त्यांच्या खुर्चीला चाकं आहेत आणि ती पुढच्या वर्गात अडचण करतात म्हणे!"

ही नावं मुलींनीच एकमेकींना दिलेली. राणीसाहेबांनी तर स्वतःच घेतलेलं. "मी उठत नाही, लोक माझ्याकडे येतात," असं त्यांचं म्हणणं होतं.

"मग तू काय करणार?" माई म्हणाल्या.

"मुख्याध्यापिकाबाईंनी एक पाठ मागून घेतलाय. शिक्षण खात्याचे मोठे साहेब येऊन मागे बसणार. पाठ संपला की ते कुठल्याही एका मुलाला उठवून विचारणार. त्याला आलं, तर वर्ग आहे तसा राहील. नाही आलं, तर सोमवारपासून मागची खोली."

"कुठल्याही?" आप्पांनी विचारलं. शाळेतल्या 'कुठल्याही' या शब्दाची त्यांना लहानपणापासून धास्ती होती.

"कुठल्याही, आप्पा. म्हणून पाठ असा हवा की एकही मूल त्यातून गळता कामा नये. ज्याच्या कानातून जात नाही त्याला डोळ्यांनी कळेल, डोळ्यांनी नाही तर हातांनी, हातांनी नाही तर अख्ख्या अंगाने. विषय तरफ. लांब फळी, खाली टेकू म्हणून वीट, आणि हलक्या माणसाने जड माणूस उचलायचा."

आप्पांना हे इतकं आवडलं की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझी काही मदत?"

माणसाने असं कधी विचारू नये.

"सुरुवातीला वाचायला एक छोटीशी गोष्ट लिहून द्याल? दहा ओळी."

आप्पांनी कपाटातली पुस्तकं काढली. तरफेच्या आधी चाक येतं, चाकाच्या आधी ओंडका येतो आणि ओंडक्याच्या आधी झाड येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. दहा ओळींची वही झाली. सूनबाईने ती आदराने हातात घेतली आणि एक शब्दही वावगा न बोलता घरातच वर्ग भरवला. तिच्या वर्गात प्रत्येकाजवळ तीन पुठ्ठे असतात: हिरवा म्हणजे कळलं, लाल म्हणजे नाही कळलं, आणि पिवळा म्हणजे जरा थांबा. कुणी बोललं नाही तरी पुठ्ठा बोलतो. माईंच्या हातात तिन्ही पुठ्ठे देऊन तिने आप्पांना गोष्ट वाचायला सांगितली. माईंनी पहिल्याच वाक्याला लाल पुठ्ठा वर केला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत खाली घेतला नाही.

"अहो, झाड, ओंडका सगळं झालं," त्या शेवटी म्हणाल्या, "पण यात उचलायचं काय आहे?"

आप्पा दुखावले. पण सूनबाई टाळी वाजवून म्हणाली, "सासूबाई, हेच! गोष्ट इथूनच सुरू करायची. 'उचलायचं काय आहे?'" आणि तिने वहीतल्या दहा ओळी अशा काही निवडल्या की आप्पांना वाटलं, या आपणच लिहिल्या होत्या तर! इतकी वर्षं मुद्रितं वाचून आप्पांना खोडता येत नव्हतं, आणि ही पोरगी खोडायची तर ज्याचं खोडलं त्याला बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

त्या बढतीच्या भरात आप्पा फळी सांगायला सुताराकडे गेले.

"केवढी?" सुताराने विचारलं.

सूनबाई 'मोठी' म्हणाली होती. आप्पांनी दोन्ही हात पसरले. मग विचार केला, कमी पडली तर? लांब फळी कापता येते, आखूड फळी ताणता येत नाही. त्यांनी सुतारालाही हात पसरायला सांगितले आणि आपले हात त्यापुढे जोडले. सुताराने त्या दोघांच्या मिळून झालेल्या मापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, होडी करताय का?"

फळी आली तेव्हा हमालांनी ती तळमजल्यावर टेकवली, जिन्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले. लिफ्टमध्ये ती मावण्याचा प्रश्नच नव्हता. आप्पा आणि वकील यांनी ती जिन्याने न्यायचं ठरवलं. वकील ऐकायला बरेच कमी, आणि आप्पा बोलायला बरेच कमी. त्यामुळे दोघांत मतभेद झाला नाही, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर फळीचं वरचं टोक कठड्यात, खालचं टोक भिंतीच्या कोनाड्यात आणि मधोमध आप्पा, अशी सगळ्यांची घट्ट पाचर बसली.

बघता बघता जिना भरला. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात. एक जण म्हणाला, कापा. दुसरा म्हणाला, तेल लावा. तिसऱ्याने विचारलं, "मुळात आणलीच कशाला?" हा प्रश्न प्रत्येक जिन्यात कुणी ना कुणी विचारतोच. एवढ्यात वरून सेक्रेटरींचा आवाज आला.

"फळी हे बांधकामाचं सामान आहे! त्याला लेखी अर्ज लागतो."

"अहो, ते आत अडकलेत," माई म्हणाल्या.

"त्यांचा वेगळा अर्ज."

"जैसे थे!" वकील गरजले. "कुणी हात लावायचा नाही. आहे ती परिस्थिती कायम ठेवा!" आप्पांच्या मते ती परिस्थिती कायम ठेवण्यासारखी नव्हती, कारण त्यांचा डावा पाय फळीखाली होता, पण तसं म्हणायला ते संकोचले.

सूनबाई शाळेतून आली ती या देखाव्यावरच. तिने पहिली आणि एकुलती एक चूक केली. ती ओरडली. खालून वकिलांना ओरडून सांगितलं, वरच्या सेक्रेटरींना ओरडून सांगितलं, पुन्हा वकिलांना. वकील प्रत्येक वेळी कानामागे हात धरून म्हणत, "हरकत नोंदवली!" बराच वेळ असा गेला. मग तिचा आवाज चिरला, आणि ती एकाएकी थांबली.

आप्पांनी फळी आणि कठड्याच्या मधल्या फटीतून तिचा चेहरा पाहिला. पाठ तयार करताना टेबलाशी बसलेली असते तोच चेहरा. तिने वकिलांची काठी मागितली नाही. त्यांच्या समोर उभं राहून काठी कुठे घालायची ते हाताने करून दाखवलं. वकिलांना तत्काळ कळलं. सेक्रेटरींसाठी तिने कागदावर 'फळी एक, तात्पुरती' असं लिहून वर पाठवलं. लेखी दिसताच ते शांत झाले आणि कठडा धरायला स्वतः पुढे आले. माईंना तिने काहीच समजावलं नाही, फक्त काठीचं टोक हातात दिलं. राहता राहिला टेकू.

"आप्पा, तुमचा शब्दकोश," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जाडा खंड."

आप्पांनी आयुष्यात त्या शब्दकोशावर चहाचा कपसुद्धा ठेवू दिला नव्हता. पण अडकलेल्या माणसाला तत्त्वं परवडत नाहीत. घरातून हातोहात आलेला शब्दकोश खाली, काठी वर, माईंनी एक हलका दाब दिला, आणि इतके पुरुष मिळून न हलणारी फळी टुणकन उडी मारून कठड्याबाहेर आली. जिन्यात टाळ्या पडल्या. शब्दकोशाच्या पाठीवर एक खळगा पडला. आप्पा पाय चोळत सूनबाईकडे बघत राहिले. इतक्या तऱ्हेवाईक माणसांचा एवढा वर्ग, आणि एकही गळाला नाही!

हीच फळी सकाळी पाठासाठी पुन्हा खाली न्यायची आहे, हे त्या आनंदात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सकाळी फळी खाली गेली, कारण आता सगळा जिना तरबेज झाला होता. गेला तो सूनबाईचा आवाज. तोंड उघडलं की दाराची बिजागरी वाजावी तसा एक स्वर येई, आणि मग तोही बंद झाला. माईंनी गुळण्या दिल्या, वकिलांनी मौन सांगितलं (ते पाळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं), सेक्रेटरी म्हणाले, "पाठ पुढे ढकलायचा अर्ज करा." मुख्याध्यापिकाबाईंचा फोन माईंनी घेतला. साहेब निघाले होते. पुढची तारीख नव्हती.

सूनबाईने पाटीवर लिहिलं: "पाठात आवाजाचं काम फक्त गोष्टीला. आप्पा, दहा ओळी तुम्ही वाचा."

आप्पांनी पाटी उलटून पाहिली, मागे दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर. "अगं, मी... एवढ्या मुलांपुढे?"

"अहो, दहाच ओळी आहेत," माई म्हणाल्या. "त्याही तिनेच लहान केल्यात."

वर्ग आप्पांना वाटला त्याहून उजेडाचा होता. मागच्या बाकावर साहेब बसले होते. भरदार माणूस, बाक त्यांच्याखाली मनातल्या मनात कण्हत होता. शेजारी मुख्याध्यापिकाबाई, बोटं एकमेकांत गुंतवून. पुढे तीसेक मुलं, हातात पुठ्ठे. सूनबाईने आप्पांना फळ्यापाशी उभं केलं. आप्पांनी कागद उघडला, तोंड उघडलं, आणि तोंड उघडंच राहिलं. अक्षरं दिसत होती. एकही मुद्रणदोष नव्हता. पण पहिला शब्द काही फुटेना. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा पहिल्या बाकावरून एक बारीकशी मुलगी उठली, आप्पांजवळ आली आणि तिने आपला पिवळा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. जरा थांबा.

ही मौनी असणार, हे आप्पांना कुणी सांगावं लागलं नाही. एकाने दुसऱ्याला ओळखलं. आप्पांनी पुठ्ठा वर धरला, आणि अख्खा वर्ग थांबला. कुणी खुदखुदलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. इतक्या मानाने आपल्यासाठी कुणी थांबल्याचं आप्पांना त्यांच्या आयुष्यात आठवत नव्हतं. कागदावरची ओळ मात्र त्यांना तरीही वाचता आली नाही.

सूनबाईने आप्पांना हळूच मौनीच्या शेजारी बसवलं आणि गोष्टीचा कागद पंडितला दिला. हा पंडित म्हणजे वर्गातला सर्वज्ञ; त्याला सगळं आधीच ठाऊक असे, म्हणून सूनबाईने त्याच्यावर फक्त प्रश्न विचारायचं काम सोपवलं होतं. त्याने खणखणीत आवाजात पहिली ओळ वाचली, "उचलायचं काय आहे?" आणि सगळ्या वर्गाने मान वळवून साहेबांकडे पाहिलं.

खरं म्हणजे तिथे दप्तरांचं पोतं उचलायचं ठरलं होतं. पण मुलांचा कल स्पष्ट होता. सूनबाईने साहेबांपुढे अदबीने हात केला. साहेब म्हणाले, "मी?" मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटले.

साहेब फळीच्या टोकावर उभे राहिले. दुसऱ्या टोकाशी राणीसाहेब आपली खुर्ची फिरवून सज्ज झाल्या. वीट फळीच्या मधोमध. राणीसाहेबांनी दोन्ही हातांनी दाबलं. साहेब होते तिथेच. वर्गभर लाल पुठ्ठे.

"राणीसाहेबांचं वजन वाढवावं काय?" पंडितने विचारलं. वर्ग हसला.

"साहेबांचं कमी करावं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग जास्त हसला.

सूनबाईने फक्त विटेकडे बोट दाखवलं. भिंगरी, जिला एरवी 'बस गं' म्हणून सगळी शाळा थकली होती, ती विजेसारखी धावली. आज धावणं हेच तिचं काम होतं. तिने वीट राणीसाहेबांकडे सरकवली. साहेब ढिम्म. परत धावली, थोडी साहेबांकडे. फळी कुरकुरली. दोन मुलं डोळे मिटून फळीवर तळवे ठेवून तिचं थरथरणं बघत होती, दोघं विटेची जागा चित्रात काढत होते. आणि मौनी फळीशेजारी उकिडवी बसून केव्हाची एकाच ठिकाणाकडे बघत होती. तिने तिथे, साहेबांच्या बुटांच्या अगदी जवळ, आपला पंजा ठेवला. भिंगरीने त्या पंजाच्या जागी वीट लावली. फळीचं लांब टोक उंच उठलं होतं; राणीसाहेबांनी त्यावर दोन हात ठेवले, ओठ आवळले आणि दाबलं.

साहेब वर गेले.

फार नाही, चार बोटं. पण एवढा मोठा अधिकारी चार बोटं वर जाणं ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यांनी फळ्याची चौकट धरली. त्यांच्या तोंडून "अरेच्चा!" असा उद्गार निघाला, जो बहुधा कुठल्याच अहवालात येत नाही. हिरव्या पुठ्ठ्यांनी वर्ग भरून गेला.

खाली उतरल्यावर साहेबांनी कोट सारखा केला आणि पुन्हा साहेब झाले. "छान. आता एक प्रश्न." त्यांची नजर बाकांवरून फिरली आणि पहिल्या बाकावर थांबली. "तू. उठ. सांग बघू, वीट कुठे ठेवायची?"

मौनी उठली. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उतरला. सूनबाईचे ओठ हलले, आवाज नव्हता. मौनी फळीपाशी गेली, वीट उचलली आणि नेमकी त्याच जागी ठेवली. मग साहेबांकडे पाहिलं.

"ते ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण तोंडाने सांग. उत्तर तोंडी हवं."

मौनीने मान खाली घातली. साहेब पेनचं टोपण काढू लागले. आप्पांना मागची खोली दिसली, मोडकी बाकं दिसली, आणि तिथे बसलेली ही मुलगी दिसली. नंतर काय झालं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नाही. ते एवढंच सांगतात की त्यांचा हात वर गेला होता आणि हातात पिवळा पुठ्ठा होता.

"आपण कोण?" साहेब म्हणाले.

"मी... शिकायला आलोय," आप्पा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण ओळखीचा वाटत नव्हता. "साहेब, आज बाईसुद्धा एक शब्द बोलल्या नाहीत. तरी आपण वर गेलात."

साहेब आप्पांकडे बघत राहिले. मग सूनबाईकडे. ती सबंध पाठभर बोललीच नव्हती, हे तोवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"हं," ते शेवटी म्हणाले. "मला शेवटचा भाग तितकासा स्पष्ट झाला नाही. एकदा परत वर करता का?"

मौनीने त्यांच्यापुढे लाल पुठ्ठा धरला. नाही कळलं तर तो दाखवायचा असतो. साहेबांनी तो निमूटपणे घेऊन वर केला आणि फळीवर चढले.

वर्ग आहे तसा राहिला. "तूर्त," असं साहेब म्हणाले, पण साहेब लोक तसं म्हणतातच. घरी आल्यावर माईंनी विचारलं, "वाचल्यात का दहा ओळी?"

"नाही," आप्पा म्हणाले. "तीनच वाक्यं बोललो. तीही लिहिलेली नव्हती." सूनबाईने पाटीवर काही लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यात शब्द नव्हते. नुसतं एक प्रश्नचिन्ह होतं, आणि ते तिने त्यांच्या देखत खोडलं.

फळी शाळेलाच दिली. ती ठेवायला मागच्या खोलीखेरीज जागा नव्हती. आप्पांनी घेतलेल्या मापामुळे ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी, छातीइतक्या उंचीवर अशी काही बसली आहे की त्या खोलीत आता एकही बाक मांडता येत नाही. जुलैमध्ये साहेबांच्या कचेरीतून खोलीची पाहणी करायला माणूस आला होता. दारातूनच परत गेला.

फळी लांब आणल्याबद्दल आप्पांना त्यानंतर कुणी काही बोललेलं नाही.